विलासरावांनी आणलेला हरभरा

इथे जे लिहिते आहे ते माझ्या नवऱ्याला माहीत नाही. मुलीला माहीत नाही. आणि ज्या दोघांना सगळ्यात आधी कळायला हवं होतं, त्यांना तर नाहीच. तुमची-माझी ओळख नाही म्हणून तुम्हाला सांगणं जमतंय — हाही भित्रेपणाच, मला कळतं. तरी सांगते. तुम्ही फक्त मध्ये 'अहो, असं होतं कधीकधी' म्हणू नका. असं होत नाही. मी केलं.

आधी मी कशी आहे ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. मी याद्या करणारी बाई आहे. कामोठ्यात राहते आणि तुर्भ्याच्या एका कारखान्यात डिस्पॅच बघते — कुठला माल, कुठली गाडी, कुठली कागदपत्रं. माझ्याकडून गाडी चुकलीय असं आजवर झालेलं नाही. घरी किराण्याची यादी, औषधांची यादी, पाहुणे यायचे असले की त्यांची वेगळी यादी. ह्यांची एखादी वस्तू हरवली की हे मला विचारतात आणि मला ती कुठे आहे ते माहीत असतं. अशा माणसावर लोक विश्वास टाकतात. ती विसरणार नाही, असं धरून चालतात. मीही तसंच सांगते — मी त्या दिवशी काहीही विसरले नव्हते. विसरले असते तर किती बरं झालं असतं.

सुनीता माझी धाकटी बहीण. मी तिला सुनी म्हणते, ती मला आक्का. ती सातारा जिल्ह्यातल्या एका गावात दिलेली, तिथल्या अंगणवाडीत सेविका. मी कामावरून सुटून स्टेशनकडे चालायला लागले की तिचा फोन यायचा. काय बोलायचो? काही नाही. कुठल्या पोरानं आज खिचडीत चप्पल बुडवली, सासू काय म्हणाली, मी कुणावर ओरडले. मी ओरडल्याचं ऐकून ती हसायची. "आक्का, अगं माणसं हायत ती, खोकी न्हाईत," म्हणायची.

तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि पुढची केमो माझ्या घरापासून जवळच्या हॉस्पिटलात करायची ठरली. कामोठ्यात, खारघरात ज्यांची घरं आहेत त्यांना हे नवीन नाही. गावाकडचं कुणीतरी आजारी पडतं आणि आपली बेडरूम त्याची होते. आमच्या मजल्यावरच अशी दोन घरं होती. मी सुनीला आणलं, बेडरूम दिली, ऋतुजाला — माझ्या मुलीला — हॉलमध्ये झोपवलं, आणि सगळं हातात घेतलं. कसं घेतलं ते विचारू नका. भाज्या मिठाच्या पाण्यात, पाणी उकळून गार केलेलं, तिचा टॉवेल वेगळा, चादर एक दिवसाआड. सोसायटीतल्या बायका म्हणायच्या, अशी बहीण मिळायला नशीब लागतं. मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू?

हॉस्पिटलातल्या सिस्टरनं मला पहिल्या डोसलाच बाजूला घेऊन बजावलं होतं. केरळची असावी, पण मराठी स्वच्छ. म्हणाली, "ताई, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. हे एक विसरायचं नाही. डोसनंतर हिच्या पांढऱ्या पेशी खाली जाणार. तेव्हा ताप आला तर तो आपला साधा ताप नसतो. शंभराच्या वर गेला की घरी गोळी द्यायची नाही. सकाळपर्यंत बघू, जेवण करून निघू — काही नाही. तशाच निघून या." मी मान डोलावली. तिनं मला तेच परत म्हणून दाखवायला लावलं. मी म्हणून दाखवलं, एकही शब्द न चुकता.

अजून एक नियम होता. कच्चं काही खायचं नाही. कोशिंबीर नाही, न सोललेलं फळ नाही. सुनीला ह्याचा फार वैताग. गावाकडची बाई ती, कैरी-काकडी-मुळा ह्यावर वाढलेली. "उकडून उकडून माझीच भाजी झाली," म्हणायची.

मी मुद्द्यावर येत नाहीये, तुमच्या लक्षात आलं असेल. येते.

ऋतुजासाठी तेव्हा स्थळं बघणं चालू होतं. तिची घाई नव्हती, माझी होती. माझ्या यादीत ते काम बरेच दिवस राहिलं होतं आणि राहिलेलं काम मला झोपू देत नाही. एक स्थळ चांगलं पुढे गेलं होतं आणि अचानक गप्प झालं. मध्यस्थ बाईंना खोदून विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमच्या बहिणीचं कळलं त्यांना. ते रक्तातून येतं म्हणतात ना. पोरीच्या सख्ख्या मावशीला म्हटल्यावर..." पुढचं बोलल्या नाहीत. मी फोन ठेवला आणि ठरवलं, पुढच्या वेळी कळणार नाही. हे कारण सांगते आहे. सबब म्हणून सांगत नाही.

पुढचं स्थळ नेरूळचं आलं, मूळचे कराडकडचे. मुलगा न्हावा शेव्याला एका मोठ्या एजंटकडे कस्टम्सचं काम बघणारा, आईवडील बोलायला बरे. त्यांनी रविवार दिला. तो रविवार सुनीच्या डोसनंतरच्या आठवड्यातला होता. मी बदलून मागू शकले असते का? अर्थातच. मागितला नाही. एकदा 'हो' आलेलं स्थळ पुढे ढकलायचं नसतं, असं मला वाटत होतं.

सुनीला मी सांगितलं, खूप माणसं येणार, तुला गर्दी चालत नाही, तू आतच राहा, दार लावून. ती टक्कल कुरवाळत म्हणाली, "बरंय की. हे बघून पाहुणे चपला सोडून पळायचे." मी हसले. तिला खरं कारण कळलं होतं आणि मला कळलं होतं की तिला कळलंय. आमच्यात ते तिथेच मिटलं — म्हणजे तिनं मिटवलं.

ऋतुजा मात्र भडकली. "मम्मी, मावशी आत कोंडलेली आणि मी बाहेर पोहे घेऊन नटून? काय चीप नाटक आहे हे!" मी म्हणाले, "तुझ्यासाठीच चाललंय सगळं." ती म्हणाली, "माझं नाव नको लावूस याला." बरोबर बोलली होती.

शनिवारी विलासराव आले, सुनीचे यजमान. शांत माणूस. शेतीवाडी बघतो, बोलतो कमी. दर डोसला, कधी मध्येही, एसटीनं यायचे, दोन दिवस राहायचे, सोफ्याच्या कडेवर बसायचे, जणू सोफा मळेल. त्या दिवशी खांद्यावर हरभऱ्याची मोठी जुडी घेऊन आले. ओल्या हरभऱ्याची, घाट्यांनी लगडलेली, मुळाला माती तशीच. दारातच म्हणाले, "हिला लई आवडतो, आक्का. उकडून द्या म्हणलं." माणसानं नीट सांगितलं होतं — उकडून द्या. ती जुडी मी बाल्कनीत ठेवली. थोड्या वेळानं बघते तर सुनी तिथे उभी राहून घाटे सोलून तोंडात टाकत होती. अगदी लहानपणी बांधावर बसून खायचो तशी, सालं पायाशी. मी हातातून काढून घेतलं. ती म्हणाली, "चारच खाल्ले गं. आंबट लागतो ना बोटांना, बरं वाटलं." मी तिला तोंड धुवायला लावलं. विलासराव ओशाळून उभे होते.

रविवारी सकाळी मी तिला चहा द्यायला गेले. ती पांघरुणात गोळा होऊन पडली होती. म्हणाली, "आक्का, जरा थंडी वाजतीय." मी थर्मामीटर लावला. वाजला. काढून बघितला.

एकशे एकच्या वर होता.

इथे थांबते जरा. तेव्हाही थांबले होते. किती वेळ — फार नाही. बाहेर ऋतुजा इस्त्री लावत होती, गॅसवर शिऱ्याचा रवा भाजत होता, त्याचा वास आत येत होता. मला सिस्टरचे शब्द आठवले का? सगळे आठवले. म्हणून दाखवले होते ना मी. आणि त्याच वेळी डोक्यात दुसरा हिशेब सुरू होता. आता निघालो तर हॉस्पिटल, ॲडमिशन, ह्यांना तिथे बसावं लागेल, मला बसावं लागेल, पाहुण्यांना काय सांगायचं? फोन करून काय सांगायचं? — बहीण आजारी? कुठला आजार?

सुनीनं विचारलं, "किती हाय?"

मी थर्मामीटरचं बटण दाबून तो बंद केला. म्हणाले, "नव्व्याण्णव. काही नाही, कणकण आहे."

आणि तापाची गोळी दिली. अंगदुखीची आहे म्हणून दिली. तिनं घेतली. ती माझ्या हातून काहीही घ्यायची, कधी विचारायची नाही.

एवढंच आहे बघा. बाकीचं सगळं ह्याच्या पुढे-मागे आहे. पाहुणे चहा-पोहे घेऊन लवकर जातील, मग लगेच नेऊ, असं मी स्वतःशी ठरवलं होतं. गाडी आधी सुटू दे, मग बाकीचं, अशी माझी कामाची सवय. माझी बहीण नंतरच्या कामात गेली.

मग मी विलासरावांकडे गेले. त्यांचं काय करायचं हे मी आदल्या रात्रीच ठरवलं होतं. त्यांच्या बोलण्यात आजाराचा विषय निघालाच असता, लपवणं त्यांना येत नाही. मी म्हणाले, "तुम्ही त्या कळंबोलीच्या गाववाल्याला भेटायचं म्हणत होता ना? आजच जाऊन या. संध्याकाळी निवांत या." ते म्हणाले, "ही ठीक हाय न्हवं?" मी म्हणाले, "झोपलीय. झोपू द्या." ते दारातून डोकावले, ती डोळे मिटून पडलेली होती, आणि गेले. ते घरी असते तर? त्यांनी तिच्या कपाळाला हात लावला असता. त्यांना कुणी पाहुणे येणार नव्हते.

पाहुणे आले. गोळीनं ताप उतरला होता, मी बघून आले होते, आणि मला केवढं हुशार वाटलं स्वतःला! चहा झाला, पोहे झाले. मुलगा चांगला होता. मुलाची आई चौकस. किती सोनं, कुठलं गाव, देवक काय. मग विचारलं, "तुम्ही भावंडं किती?"

मी म्हणाले, "दोघी बहिणी. धाकटी गावाला असते."

"कशी आहे त्यांची तब्येत-पाणी? सगळं बरं?"

"छान आहे," मी म्हणाले.

आमच्या फ्लॅटची दारं कशी असतात तुम्हाला माहीत आहे. पलीकडच्या खोलीत मोबाइल वाजला तर इकडे खिसा चाचपतो आपण. सुनी त्या दारापलीकडे होती. जागी होती का? तिनं ऐकलं का? मी तिला कधी विचारलेलं नाही. तिनं कधी काढलेलं नाही.

दुपार उलटत आली तरी ते हलेनात. मुलाच्या वडिलांना इकडच्या जागांच्या भावात रस होता. विमानतळ झाल्यावर काय होईल आणि काय होणार नाही, ह्यावर ते आणि हे तासभर बोलले. ऋतुजा मध्येच आत गेली आणि बाहेर येऊन स्वयंपाकघरात माझ्या कानाशी म्हणाली, "मम्मी, मावशी कुडकुडतेय. दात वाजतायत तिचे." मी म्हणाले, "पंखा बंद कर. माझी शाल घाल तिला." "अगं पण—" "ऋतू, आत्ता नाही." ती गेली आणि शाल घालून आली. आज ती तिशीत आली आहे आणि तिला वाटतं, तिनं सांगितलं तेव्हाच ताप सुरू झाला. तिलाही मी तसंच वाटू दिलंय.

मुलाच्या आईला घर बघायचं होतं. बेडरूमच्या दाराशी आल्यावर मी म्हणाले, "आत कपाटाचं काम चालू आहे, पसारा आहे." त्या हसल्या. "सगळ्यांच्या घरी एक खोली अशी असतेच," म्हणाल्या.

ते गेले तेव्हा उन्हं कलली होती. लिफ्टचं दार लागलं आणि मी आत धावले. सुनी डोळे उघडे ठेवून पडली होती, पण मला बघत नव्हती. अंगणवाडीतल्या कुठल्यातरी पोराला हाका मारत होती. हात बर्फासारखे. मी आयुष्यात पहिल्यांदा काय आधी करायचं हे न कळून उभी राहिले.

हॉस्पिटलात कॅज्युअल्टीच्या डॉक्टरनं विचारलं, "ताप कधीपासून?"

"आत्ता," मी म्हणाले. "संध्याकाळी."

"काही गोळी दिली होती?"

"नाही."

हे दुसरं. पहिलं तरी घाईत झालं असं एखादा म्हणेल. हे नाही. इथे माझ्यासमोर मुलगी नव्हती, पाहुणे नव्हते, कुणी नव्हतं. खरं सांगितलं असतं तर त्या डॉक्टरला काहीतरी जास्त कळलं असतं. पण मला सिस्टरनं म्हणून घेतलेलं आठवलं आणि वाटलं, आता ती मला विचारेल.

तेवढ्यात विलासराव धापा टाकत पोचले. कळंबोलीहून रिक्षा करून आले होते, चेहरा पांढरा. डॉक्टरांनी विचारलं, बाहेरचं काही खाल्लं होतं का, कच्चं काही? मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "साहेब, मी शेतातला हरभरा आणला हुता. तिनं दोन-चार घाटे खाल्ले. काल." डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले, "कच्चं द्यायचं नव्हतं. त्यातूनही होऊ शकतं." होऊ शकतं, एवढंच म्हणाले. त्यांनी आणखी दहा शक्यता सांगितल्या, आपल्याच आतड्यातले जंतूही असू शकतात म्हणाले. पण विलासराव पहिल्या वाक्यापाशीच थांबले होते. माझ्याकडे वळले. मी काय म्हणायला हवं होतं? तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं.

मी म्हणाले, "मी कितीदा सांगितलं होतं तिला."

त्या माणसानं खाली बघितलं. मी त्याला तिथेच उभं करून ठेवलं. आजपर्यंत तो तिथेच उभा आहे.

सुनी आयसीयूत खूप दिवस होती. मशीन लावलं, मूत्रपिंडांवर आलं, फार कडक इंजेक्शनं द्यावी लागली. एका तरुण डॉक्टरनं विलासरावांना समजावून सांगितलं की अशा तापात पहिले काही तास महत्त्वाचे असतात, औषध जितकं लवकर तितकं बरं. विलासराव म्हणाले, "आम्ही ताप आल्या आल्याच आणली, डॉक्टर. आमच्या आक्का लई काटेकोर हायत." मी शेजारीच उभी होते. हातात पाण्याची बाटली होती. झाकण घट्ट करत राहिले.

त्याच बाकावर बसले असताना मोबाइलवर मुलाच्या आईचा मेसेज आला. पत्रिका जुळत नाही, राग मानू नये, मुलगी छान आहे. शेवटी हात जोडल्याचं चित्र. मी तो वाचला आणि फोन पालथा ठेवला. रडू आलं असं सांगायला मला आवडलं असतं. मला राग आला होता — त्यांचा! जणू त्यांनी मला फसवलं.

सुनी वाचली. पण आधीची सुनी घरी आली नाही. उरलेले डोस पुढे गेले, मग कमी केले गेले, आता काय होतंय ते बघत राहायचं असं ठरलं. पाय इतके गळाले की बेडरूमपासून बाल्कनीपर्यंत पोचणं हे एका सकाळचं काम झालं. आणि कान. त्या इंजेक्शनांनी जीव वाचवला, कान घेतले. आधी शिट्टी वाजते म्हणायची, मग आवाज लांब गेला म्हणायला लागली, मग नुसतीच आमच्या ओठांकडे बघायला लागली. पोरं काय म्हणतात तेच कळेना, म्हणून अंगणवाडी सोडावी लागली. कानाला मशीन आहे, पण फोनवर तिला कळत नाही. मी कामावरून सुटते आणि स्टेशनकडे चालते, फोन पर्समध्ये असतो.

तिनं ते कसं पचवलं म्हणून विचाराल तर — थट्टेवर. रडली एकदाच, अंगणवाडीच्या किल्ल्या परत दिल्या तेव्हा. बाकी हसते. मला म्हणते, "एक फायदा झाला बघ, आक्का. तुझ्या सूचना ऐकू येत न्हाईत." त्या सगळ्या महिन्यांत मी तिची सेवा केली, झोकून केली, चालायला शिकवलं, मशीनसाठी हिंडले. लोकांनी पुन्हा वाहवा केली. मी ती पुन्हा घेतली.

एकदा बाल्कनीत उन्हात बसलेली असताना तिनं माझा हात धरला. आवाज मोठा झाला होता तिचा, ऐकू येत नसलं की होतो तसा. म्हणाली, "आक्का, माझ्या जिभेनं घात केला गं. तू एवढं जपलंस आणि मी चार घाट्यांपायी मातीत घातलं. तुला किती त्रास दिला." खालच्या मजल्यावरच्या बाईनं वर बघितलं. मी तिच्या समोर तोंड केलं, ओठ नीट हलवले, तिला वाचता यावं म्हणून. आणि म्हणाले, "जाऊ दे."

ओठ इतके नीट हलवून एवढंच.

गावाकडे तिच्या सासूनं तर हा विषय कायमचा धरून ठेवलाय. कुणी आलं की सांगते, पोरानं हौसेनं हरभरा नेला आणि बायको बहिरी करून आणली. हसतात लोक. विलासराव ऐकून घेतात. त्यांनी हरभरा पेरायचं बंद केलं. जमीन चांगली आहे त्या पिकाला, सगळे म्हणतात. ते ज्वारी करतात, नाहीतर पडीक ठेवतात.

ऋतुजाचं लग्न झालं, तिनंच ठरवलं. त्या लोकांना मावशीचं सगळं सांगितलं तर मुलाची आई म्हणाली, "बरं, मग त्यांना जेवायला काय चालतं?" असंही म्हणणारी माणसं होती. मी शोधली नव्हती.

गेल्या हिवाळ्यात दोन दिवस सुनीकडे गेले. ती बरी आहे सध्या, तपासण्या ठीक आहेत. सकाळी विलासराव मला रान दाखवायला घेऊन गेले, सुनी मागून हळूहळू येत होती. शेजारच्या रानात हरभरा होता, घाट्यांनी भरलेला. त्यांनी तिकडे बघितलं, मागे सुनीकडे बघितलं. ती लांब होती, आणि जवळ असती तरी काय?

म्हणाले, "आक्का, तुमाला एक विचारू का? तुमी शिकलेल्या, दवाखान्यातलं सगळं तुमाला म्हाईत. मला कुणी नीट सांगत न्हाई." ढेकूळ पायानं फोडलं. "त्येच्यानंच झालं का वो? खरं सांगा. मी काय मनाला लावून घेनार न्हाई. निस्तं कळलं पायजे."

एवढं सरळ मला कुणी कधी विचारलं नव्हतं. ओरडून बोललं तरी ऐकायला कुणी नव्हतं. सगळी तयारी करून दिल्यासारखी जागा होती. मी तोंड उघडलं. मला आठवतंय, पहिला शब्द तोंडात आला होता — 'नाही'.

मी म्हणाले, "आता कशाला उगाळायचं ते, विलासराव. तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत."

त्यांनी मान हलवली. टोपी काढून डोकं पुसलं, परत घातली. "व्हय," म्हणाले. "मुद्दाम न्हाई केलं." आणि सुनीला बांध चढायला हात द्यायला मागे गेले.